तव्यावरचा पाव : इंग्रजी मफिन

मफिन हें नांव महाराष्ट्रांतील शहरी घरांत आज नवें राहिलेलें नाहीं. परंतु तें उच्चारतांच डोळ्यांपुढें उभा राहतो, तो बेकरीच्या कांचेच्या कपाटांतला, कागदाच्या वाटींतून टोपीसारखा वर आलेला, गोड आणि केकाच्या जातीचा पदार्थ. ह्या पदार्थाचें कूळ अमेरिकेंतलें. इंग्लंडांत ज्याला पिढ्यान्‌पिढ्या मफिन म्हणत आले, तो अगदीं वेगळा. तो तळहाताएवढा, वाटोळा आणि चपटा पाव असतो. त्याच्या वरच्या व खालच्या अंगास बदामी रंग चढलेला असतो. कडेनें मात्र पांढुरका पट्टा राहतो. त्यांत सहसा अंडें नसतें, गोडी नांवापुरती असते, आणि तो फुगतो तो बेकिंग पावडरीनें नव्हे, तर खमिरानें, म्हणजे यीस्टनें. ह्याहूनही मोठा भेद असा, कीं तो भट्टींत भाजावा लागत नाहीं. तो तव्यावर होतो.

ही शेवटची गोष्ट लहान दिसली तरी घरच्या स्वयंपाकाच्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. महाराष्ट्रांत तवा नाहीं असें घर सांपडणें कठीण. भट्टीची गोष्ट वेगळी. विजेची भट्टी आज पुष्कळांकडे आली असली, तरी अजून ती घरोघर नाहीं. आणि म्हणूनच पाव ही येथें नेहमीं बाहेरून आणण्याची वस्तु राहिली. पोर्तुगिजांबरोबर गोव्यांत आलेला पाव तेथील पोदेरांनीं माडाच्या सुरेनें पीठ फुगवून आपलासा केला. मुंबईंत लादीपाव गल्लोगल्लींच्या भट्ट्यांतून घरीं येऊं लागला. परंतु घरच्या चुलीवर पाव असा झाला नाहीं. वास्तविक, पीठ आंबवण्याची विद्या मराठी घरास नवी नाहीं. आंबोळी आणि अनारसे हे पदार्थ त्याच विद्येचे. तव्याची विद्या तर पोळी-भाकरीमुळें रोजच्या हातांतली. ह्या दोन विद्या ज्या विलायती पावांत एकत्र येतात, तो मफिन.

असें असूनही, तो प्रथम करून पाहणाऱ्याच्या पदरीं पुष्कळदां काय पडतें? वरून करपलेली आणि आंतून चिकट, कच्ची चकती. मैदा चांगला, यीस्ट ताजें, मापें तंतोतंत. आणि तरी असें कां व्हावें? ह्याचें उत्तर एका शब्दांत द्यावयाचें तर तें ‘घाई’ असें आहे. मफिनाच्या कृतींत तीन ठिकाणीं थांबावें लागतें, आणि ज्या ठिकाणीं करणारा थांबत नाहीं, तेथें तेथें मफिन त्याला फसवतो. हीं तीन ठिकाणें कोणतीं, हें समजण्यासाठीं आधीं ह्या पावाचा थोडा पूर्वेतिहास पाहणें उपयोगी ठरेल. कारण त्याचे जुने कारागीर ह्या तिन्ही गोष्टी जाणून होते.

हॅना ग्लास ह्या बाईंचें ‘द आर्ट ऑफ कुकरी’ ह्या नांवानें ओळखलें जाणारें पाकशास्त्राचें पुस्तक १७४७ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झालें, आणि पुढें अनेक पिढ्या तें इंग्रजी घरांतून वापरांत होतें. त्यांत मफिनाची कृति आहे. त्या काळीं पुडींतलें यीस्ट नव्हतें. एल नांवाची बिअर आंबत असतां पिंपावर जो फेस येई, तोच घेऊन पीठ भिजवीत. मळलेलें पीठ कांहीं वेळ तसेंच ठेवून मग त्याचे गोळे करावयाचे, ते पिठावर थापून पुन्हां ठेवावयाचे, आणि मग भाजावयाचे. भाजण्याची सोय बाईंनीं मोठ्या बारकाईनें सांगितली आहे. विटांच्या चुल्यावर, लोखंडी भांड्याच्या बुडाच्या घडणीचा पत्रा बसवावा आणि खालीं कोळसा पेटवावा. म्हणजे तो तवाच झाला! पुढची सूचना तर रोज पोळ्या करणाऱ्या कोणालाही पटावी अशी आहे. पत्र्याचा मध्यभाग कधीं कधीं फार तापतो आणि मफिनांचा रंग बिघडतो. तसें झाल्यास विस्तवाच्या मधोमध विटेचे एक-दोन तुकडे टाकावे, म्हणजे आंच मंदावते. पावणेतीनशें वर्षांपूर्वींच्या त्या बाईंना मफिनाचा खरा शत्रु कोण, हें पक्कें ठाऊक होतें.

ह्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं, १८६१ सालीं, मिसेस बीटन ह्यांचा गृहव्यवस्थेवरील सुप्रसिद्ध ग्रंथ पुस्तकरूपानें निघाला. मध्यमवर्गीय इंग्रज गृहिणीचा तो जणूं गुरुच होता. त्यांतही मफिन आहे. परंतु तेथें एक निराळाच सूर लागतो. मफिन करणें सोपें नाहीं, आणि ते घरीं करण्यापेक्षां विकत आणण्याचीच चाल अधिक आहे, असें बाई स्पष्ट सांगतात. मधल्या काळांत शहरें वाढलीं होतीं, आणि मफिन घरांतून निघून फेरीवाल्याच्या तबकांत जाऊन बसला होता.

हा मफिनवाला लंडनच्या हिंवाळ्यांतला एक ठरलेला माणूस होता. डोक्यावर लांकडी तबक, त्यावर मफिन ऊबदार राहावे म्हणून कापड, आणि हातांत घंटा, अशा थाटांत तो दुपारच्या चहाच्या सुमारास गल्लींतून फिरे. ड्रुरी लेन ह्या गल्लींतील मफिनवाल्याविषयींचें बालगीत इंग्रजी मुलें आजही म्हणतात. त्याची घंटा मात्र सर्वांनाच गोड लागत असे असें नव्हे. १८३९ सालच्या लंडन पोलिसांसंबंधींच्या कायद्यांत, फेरीचा माल विकण्यासाठीं शिंग फुंकणें किंवा दुसरें कोणतेंही गोंगाटाचें वाद्य वाजविणें हा गुन्हा ठरविण्यांत आला. सूट होती ती फक्त टपाल खात्याच्या गार्डांस आणि पोस्टमनांस. तरीही मफिनवाल्याची घंटा कांहीं मुकी झाली नाहीं. ती पुढें कित्येक वर्षें वाजत राहिली. त्याच सुमारास, १८३८-३९ मध्यें भागाभागांनीं निघत असलेल्या ‘निकोलस निकल्बी’ ह्या कादंबरींत चार्ल्स डिकन्सनें एक गमतीदार सभा रंगविली आहे. मफिन आणि क्रंपेट गरमागरम आणि वेळेवर पोंचविण्यासाठीं पन्नास लाख पौंड भांडवलाची एक अवाढव्य कंपनी काढावयाची आणि गरीब फेरीवाल्यांचा धंदा कायद्यानें बंद पाडावयाचा, असा त्या सभेचा उद्देश! डिकन्सला टर उडवावयाची होती ती सट्टेबाज भांडवलदारांची. परंतु त्यासाठीं त्यानें निवडलेली वस्तु मफिन होती, ह्यावरूनच ती किती घरगुती आणि नित्याची होती तें दिसतें.

येथें क्रंपेटाचें नांव आलें आहे, तर दोहोंतील भेद सांगून टाकणें बरें. कारण पुष्कळांचा तेथें घोटाळा होतो. क्रंपेट हें सरसरीत पिठाचें. तें कड्यांत ओतून मुख्यतः एकाच अंगानें भाजतात, आणि त्याच्या वरच्या अंगास आंबोळीसारखीं उघडीं भोंकें पडतात. मफिन हा मऊ मळलेल्या पिठाचा असतो. तो दोन्ही अंगांनीं भाजतात, आणि त्याची जाळी पोटांत असते. क्रंपेटाची जाळी पाहतांच दिसते. मफिनाची दिसण्यासाठीं तो उघडावा लागतो.

मफिनवाल्याच्या ह्या धंद्यांतच एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. त्याच्या तबकांतला मफिन हा पुरा तयार पदार्थ नव्हता. तव्यावर शिजून तो आंतून पाव झालेला असे, पण त्याची खरी खुमारी अजून यावयाची असे. तो घरीं आणल्यावर शेगडीच्या निखाऱ्यांसमोर लांब कांट्याला टोंचून पुन्हां भाजीत, मग उघडून लोणी घालीत, आणि झांकणाच्या ताटलींत घालून चहाच्या टेबलावर आणीत. म्हणजे मफिन हा दोनदां भाजावयाचा पाव आहे. पहिल्या भाजण्यानें तो शिजतो, दुसऱ्यानें तो कुरकुरीत होतो. ही गोष्ट ध्यानीं न घेतां जो पहिल्याच भाजण्यांत कुरकुरीतपणा आणूं पाहतो, तो आंच वाढवतो. आणि मग वरचें अंग करपून आंत पीठ कच्चें राहतें.

अमेरिकेंत हा पाव गेला तो सॅम्युअल बाथ थॉमस ह्या इंग्रजाच्या हातून. तो १८७४ सालीं न्यूयॉर्कला गेला आणि १८८० सालीं त्यानें तेथें स्वतःची बेकरी काढली. अमेरिकेंत मफिन ह्या नांवाचा गोड पदार्थ निराळा असल्यामुळें ह्या पावास ‘इंग्लिश मफिन’ असें नांव पडलें, आणि चहाच्या वेळेऐवजीं तो न्याहारीच्या टेबलावर जाऊन बसला. थॉमसच्या नांवानें विकल्या जाणाऱ्या ह्या मफिनाची सारी कीर्ति त्याच्या पोटांतील खांचखळग्यांवर उभी आहे. त्या खांचखळग्यांत लोणी मुरून बसतें, म्हणून खाणारा खूष होतो. ही जाळी पाडण्याचें रहस्य किती मोलाचें मानलें जातें, ह्याचा एक दाखला अमेरिकेंतील न्यायालयाच्या दप्तरांत आहे. ह्या मफिनांच्या उत्पादक कंपनींतील एक वरिष्ठ अधिकारी नोकरी सोडून प्रतिस्पर्धी कंपनींत जाऊं लागला, तेव्हां त्यास मनाई करावी म्हणून दावा झाला. तीं मफिनें बनविण्याचें संपूर्ण ज्ञान असलेलीं माणसें अवघीं सात होतीं, आणि हा त्यांपैकीं एक होता. २०१० सालीं अपील न्यायालयानें मनाईहुकूम कायम केला. कारखान्यांतील यंत्रांचें गुपित त्या सात माणसांचें त्यांना लखलाभ असो. घरच्या तव्यावर जाळी पाडण्यास लागणाऱ्या गोष्टी मात्र मुळींच गुप्त नाहींत : पीठ सैल हवें, तें पुरतें आंबलेलें हवें, आणि मफिनाला सुरी लागतां कामा नये.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळावयास हरकत नाहीं. आठ मफिनांसाठीं पुढील सामान लागतें. मैदा ४०० ग्रॅम, दूध २०० मिलिलिटर, पाणी १०० मिलिलिटर, लोणी २० ग्रॅम, साखर चहाचे दोन चमचे, मीठ सवा चमचा, आणि कोरडें यीस्ट दीड चमचा, म्हणजे सुमारें ५ ग्रॅम. ह्याखेरीज थापण्यासाठीं आणि पसरण्यासाठीं अर्धी वाटी बारीक रवा. रवा नसल्यास तांदळाची पिठी चालेल. मैदा वजनानेंच घ्यावा हें उत्तम. वाटीनें मापल्यास तो कधीं दाबला जातो, कधीं सैल राहतो, आणि पिठाचा सैलपणा बिघडतो.

दूध आणि पाणी एकत्र करून कोमट करावें. कोमट म्हणजे किती? आंत बोट घातलें असतां ऊब लागावी, पण चटका बसूं नये; तान्ह्या मुलाच्या आंघोळीच्या पाण्याइतकें. ही सूचना क्षुल्लक समजूं नये. यीस्ट म्हणजे कांहीं सोड्यासारखें क्षार-चूर्ण नव्हे. ते सूक्ष्म सजीव आहेत. लुई पाश्चर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५७ ते १८६० च्या सुमारास आंबण्याच्या क्रियेचा अभ्यास करून हें सिद्ध केलें, कीं ती ह्या सजीवांच्या जीवनव्यापारांतून घडते. पिठांतली साखर खाऊन ते कार्बन डाय-ऑक्साइड वायु आणि थोडें अल्कोहोल निर्माण करतात. २५ ते ३५ अंश सेल्सियस ही त्यांना मानवणारी ऊब. ५५-६० अंशांच्या पुढें ते मरतात. दूध कढत घातलें, तर पहिल्याच क्षणीं त्यांचा संहार होतो, आणि मग पीठ चार तास ठेवलें तरी फुगत नाहीं. म्हणून कोमट दुधांत साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटें ठेवावें. वर फेंसाळ साय धरली, तर यीस्ट जिवंत आहे. नाहीं धरली, तर तेथेंच थांबून दुसरें यीस्ट आणावें; मैदा तरी फुकट जात नाहीं.

मैद्यांत मीठ मिसळून त्यांत हें दूध ओतावें, पातळ केलेलें लोणी घालावें, आणि मळावयास लागावें. पीठ हाताला चिकटेल. पोळीच्या कणकेची ज्याला संवय आहे, त्याला तें चुकल्यासारखें वाटेल, आणि तो मुठीनें कोरडा मैदा घालूं लागेल. हा मोह आवरावा. मफिनाचें पीठ कणकेपेक्षां पुष्कळच सैल असलें पाहिजे. कारण घट्ट पिठांत वायूचे बुडबुडे मोठे होऊं शकत नाहींत, आणि जाळी पडत नाहीं. हात ओला करून, पीठ ताणावें, दुमडावें, पुन्हां ताणावें. गव्हांत ग्लायडिन आणि ग्लुटेनिन हीं जीं दोन प्रथिनें असतात, तीं पाण्यानें आणि मळण्यानें एकमेकांत गुंतून ग्लूटेनचें चिवट जाळें तयार होतें. यीस्टचा वायु हेंच जाळें अडवून धरतें. दहा मिनिटें मळल्यावर पीठ गुळगुळीत होतें, भांड्याच्या कडा सोडूं लागतें, आणि ओढलें तर न तुटतां पापुद्र्यासारखें पातळ ताणतें. तेवढें झालें म्हणजे पुरे.

येथें पहिला थांबा येतो. पीठ मोठ्या भांड्यांत ठेवून वर ओलें फडकें घालावें, आणि तें दुप्पट होईपर्यंत त्याला हात लावूं नये. ह्यास वेळ किती लागेल, हें घड्याळावर ठरविणें चुकीचें. मे महिन्यांत मुंबईच्या उकाड्यांत पाऊण तासांतही काम होईल. डिसेंबरांत पुण्याच्या थंडींत दोन तास लागतील. म्हणून पिठाकडे पाहावें, घड्याळाकडे नव्हे. कोरड्या मैद्यांत बुडविलेलें बोट पिठांत खुपसावें. खळगा लगेच भरून आला, तर पीठ अजून तयार नाहीं. सावकाश आणि अर्धवट भरला, तर तें तयार आहे. मुळींच भरला नाहीं, तर वेळ टळून गेली. ज्याला सवड असेल, त्यानें यीस्ट अर्धा चमचाच घ्यावें, तासभर पीठ बाहेर ठेवावें, आणि मग झांकून रात्रभर शीतकपाटांत ठेवावें. थंडींत यीस्टचें काम मंदावतें, तरी तें थांबत नाहीं, आणि त्या लांबलेल्या आंबण्यानें पावाला जो वास आणि जी किंचित् आंबूस चव येते, ती घाईच्या पिठाला कधीं येत नाहीं. सकाळीं न्याहारीस मफिन हवा असेल, तर ही रात्रीची पद्धतिच सोयीची.

पीठ फुगल्यावर तें ओट्यावर रवा पसरून त्यावर हलकेच पालथें घालावें. त्याला बुक्क्या मारून सारा वायु काढून टाकूं नये. जो बुडबुडा एवढ्या वेळांत झाला, तो शक्य तितका राखावा. त्याचे आठ सारखे भाग करून हात किंचित् ओला करून गोळे वळावे. मग प्रत्येक गोळा रव्यावर ठेवून तळव्यानें थापावा. जाडी सुमारें २ सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या पेराएवढी असावी. लाटणें घेऊं नये. लाटण्यानें वायु निघून जातो. वाटीच्या कांठानें वाटोळे कापण्याची पद्धति पुस्तकांत आढळते, आणि त्यानें आकार रेखीव येतो, हें खरें. परंतु उरलेल्या कडा पुन्हां मळाव्या लागतात, आणि त्यांचे मफिन नेहमींच घट्ट होतात. घरच्यासाठीं थापणेंच बरें. वरूनही रवा भुरभुरावा. हा रवा शोभेसाठीं नाहीं. ओलसर पीठ आणि तापलेला तवा ह्यांमध्यें तो सारवणासारखा राहतो. त्यामुळें तव्याला तेल न लावतांही मफिन चिकटत नाहीं. थापलेले मफिन फडक्याखालीं आणखी अर्धा तास ठेवावे. हा पहिल्या थांब्याचाच उत्तरार्ध आहे. थापतांना जें ग्लूटेन ताणलें गेलें, तें ह्या वेळांत सैलावतें, आणि मफिन पुन्हां हलका होतो.

आतां तवा. तो जाड बुडाचा असावा. बिडाचा असल्यास फारच उत्तम. पातळ पत्र्याचा तवा ज्वाळेच्या वरती लाल आणि कडेस थंड अशा स्थितींत राहतो, आणि हॅना ग्लासबाईंच्या विटांची आठवण करून देतो. पोळीला तवा चांगला तापलेला लागतो. कारण पोळी पातळ असते आणि मिनिटभरांत व्हावयाची असते. मफिन त्याच तव्यावर, पण पोळीच्या निम्म्या आंचेवर. तवा मंद आंचेवर पांच-सात मिनिटें तापवून त्यावर चिमूटभर मैदा टाकून पाहावा. तो भराभर काळवंडला, तर तवा फार तापला. दोन-तीन मिनिटांत हळूहळू बदामी झाला, तर योग्य.

हा दुसरा थांबा, आणि सर्वांत अवघड तोच. मफिन अलगद उचलून तव्यावर ठेवावे. दोहोंत दोन बोटांचें अंतर असावें. एका अंगास सात ते आठ मिनिटें लागतात. पहिलीं चार मिनिटें वर सैल झांकण ठेवल्यास वाफेनें मधला भाग शिजण्यास मदत होते. खालचें अंग तीन मिनिटांतच तपकिरी झालेलें दिसलें, तर मफिन उलटूं नये. आंच कमी करावी. २ सेंटिमीटर जाडीच्या पिठाच्या मध्यापर्यंत उष्णता पोंचण्यास वेळ लागतोच. ती बाहेरून कितीही जोरानें लोटली, तरी आंत लवकर जात नाहीं. फक्त बाहेरचा भाग जळतो. हळूहळू चढणाऱ्या उष्णतेनें प्रथम आंतला वायु प्रसरण पावतो आणि मफिन तव्यावरच वर येतो. मग यीस्ट मरतें. मग पिठांतलें स्टार्च पाणी शोषून घट्ट होतें आणि जाळी कायमची बसते. हा क्रम पुरा होण्याआधींच वरचीं अंगें कडक झालीं, तर वायूला पसरावयास जागा राहत नाहीं. उलटल्यावर दाबूं नये. भाकरीप्रमाणें पदर सुटावा म्हणून दाबण्याची हाताची संवय येथें घातक होते. झाला कीं नाहीं, हें कडेवरून ओळखावें. पांढुरक्या कडेवर बोट दाबलें असतां ती स्पंजासारखी पुन्हां वर आली, तर मफिन शिजला. बोटाचा ठसा तसाच राहिला, तर आणखी दोन मिनिटें. ज्याच्याकडे स्वयंपाकाचें उष्णतामापक असेल, त्याला मध्यभागीं ९३-९५ अंश दिसले म्हणजे पुरे.

तिसरा थांबा मफिन उतरविल्यानंतरचा. घरभर वास सुटलेला असतो, मुलें ताटल्या घेऊन उभीं असतात, आणि ह्याच वेळीं मफिन उघडला जातो. उतरविलेल्या पावाच्या पोटांत अजून वाफ कोंडलेली असते आणि स्टार्च पुरतें स्थिरावलेलें नसतें. त्या क्षणीं तो फाडला, तर चांगला शिजलेला मफिनही चिकट आणि कच्चट लागतो, आणि करणाऱ्याला वाटतें, आंच कमी पडली. पुढच्या खेपेस तो आंच वाढवतो, आणि खरी चूक तेव्हां होते. म्हणून जाळीवर, खालूनही वारा लागेल अशा रीतीनें, मफिन निदान अर्धा तास निवूं द्यावे.

निवलेला मफिन उघडावा कसा, ह्याविषयीं हॅना ग्लासबाईंचा आग्रह मोठा आहे. तो भाजून हातानें उघडला, तर आंत मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. सुरी लावली, तर शिशासारखा जड होतो, असें त्या बजावतात. ह्यांत अतिशयोक्ति असली, तरी तत्त्व खरें आहे. सुरी जाळीचे कांठ सपाट कापते आणि दाबते. फाडल्यानें ते ओबडधोबड राहतात. हे वर आलेले कांठ भाजतांना आधीं कुरकुरीत होतात, आणि खळग्यांत लोणी सांचतें. म्हणून कडेनें सभोंवार कांटाचमच्यांतला कांटा टोंचीत जावें, आणि मग दोन्ही हातांच्या अंगठ्यांनीं मफिनाचे दोन भाग करावे. कारखान्यांतील रहस्याचा जेवढा अंश घरीं लागतो, तो ह्या कांट्याच्या टोंकाशीं आहे. दोन्ही भाग पुन्हां तव्यावर, ह्या वेळीं जरा चढ्या आंचेवर, उघडें अंग खालीं करून भाजावे. जाळीच्या शेगडीवर भाजल्यास अधिक चांगलें. गरम असतांनाच लोणी लावावें. ऑस्कर वाइल्डच्या १८९५ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ ह्या नाटकांत, प्रेमभंगाच्या ऐन प्रसंगीं दोन तरुण मफिनांवरून भांडतात. ते लोण्यानें भरलेले मफिन होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या तरुणांचा फारसा दोष वाटत नाहीं.

मैद्याविषयीं ज्यांच्या मनांत शंका आहे, त्यांनीं एक तृतीयांश मैद्याच्या जागीं कणीक घ्यावी, आणि पाणी दोन-तीन चमचे वाढवावें. कणकेंतला कोंडा पाणी अधिक पितो आणि ग्लूटेनचे धागे तोडतो. म्हणून सर्वस्वीं कणकेचा मफिन होतो, पण तो जड होतो. शिल्लक राहिलेले मफिन घट्ट झांकणाच्या डब्यांत दोन दिवस टिकतात. पावसाळ्यांत मात्र दुसऱ्या दिवसापलीकडे बाहेर ठेवूं नयेत. गोठवून ठेवल्यास महिनाभर चांगले राहतात. दोनदां भाजण्याचा पाव असल्यामुळें शिळेपणाचा त्याला इतर पावांइतका त्रास नाहीं. किंबहुना दुसऱ्या दिवशींचा मफिन भाजल्यावर अधिक कुरकुरीत होतो.

मिसेस बीटन ह्यांनीं मफिन घरीं करणें सोपें नाहीं असें लिहिलें, तेव्हां त्या खोटें बोलत नव्हत्या. त्यांच्या काळच्या गृहिणीला बिअरचा फेस किंवा ओलें यीस्ट मिळवावें लागे, तें ताजें आहे कीं नाहीं ह्याची शाश्वती नसे, आणि कोळशाची आंच हवी तेव्हां मंद करतां येत नसे. दारावर घंटा वाजत असतां एवढा खटाटोप कोण करील? आज ती घंटा थांबली आहे. एलिझाबेथ डेव्हिड ह्या विदुषींनीं १९७७ सालीं इंग्रजी पावाविषयीं मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हां मफिन आणि क्रंपेट ह्यांची जुनी कृति शोधून मांडणें हेंही त्यांना आपलें काम वाटलें. इतकी ती मोडकळीस आली होती. उलट अडचणी सरल्या आहेत. यीस्टची पुडी वाण्याकडे मिळते, गॅसची कळ बोटाच्या इशाऱ्यानें वळते, आणि बिडाचा तवा तर घरांत होताच. नवें असें फक्त एकच शिकावयाचें आहे. तें म्हणजे पीठ फुगत असतां, तवा मंद असतां आणि मफिन निवत असतां हात मागें ठेवणें. आंबोळीचें पीठ रात्रीं भिजवून सकाळची वाट पाहणाऱ्या घराला तें जड जाऊं नये.